५० च्या वेगाला गाडी नक्की किती मीटरमध्ये थांबते? अंतराचा अंदाज कसा बसवायचा?

शिकाऊ_स्टिअरिंग

मॅन्युअल गिअरची पेट्रोल हॅचबॅक, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली, शिकाऊ परवाना. क्लच-गिअर, चढावर गाडी उचलणं, मागे घेणं हे जमतं. वेग आणि थांबायचं अंतर यांचा मेळ मात्र बसत नाही. नेमके प्रश्न असे:

१) ५० किंवा ६० च्या वेगाला गाडी थांबायला किती मीटर लागतात? एका तक्त्यात ५० ला २५ च्या आसपास दिलेत, दुसऱ्यात थेट ४०. धरायचं कोणतं?
२) चालत्या गाडीत बसून पुढे ३० मीटर मोकळे आहेत की २०, हे ओळखायचं कसं?
३) थांबताना आधी ब्रेक की आधी क्लच? दर वेळी शेवटी झटका तरी बसतो, नाहीतर गाडी बंद पडते.
४) एबीएस असलं की कमी अंतरात थांबता येतं, हे खरं का?
५) मागची गाडी अगदी चिकटून हॉर्न देत असेल तर वेग वाढवायचा का?

"सावकाश चालवा" एवढंच उत्तर नको. किती सावकाश, आणि तेवढंच का, ते सांगा.

---

चौथा_गिअर

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं त्यावर उभं आहे.

थांबायचं अंतर हे दोन तुकड्यांचं असतं. धोका डोळ्याला दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी त्याच वेगाने पुढे जात राहते, तो पहिला तुकडा. ब्रेक लागल्यापासून चाकं थांबेपर्यंतचा दुसरा. तक्ते जुळत नाहीत ते यामुळेच. कुणी फक्त दुसरा तुकडा छापतो, कुणी दोन्ही. कुणी पूर्ण ताकदीचा ब्रेक धरतो, कुणी रोजचा. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये विचाराला सुमारे दोन तृतीयांश सेकंद धरलाय, जर्मनीतल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पूर्ण एक सेकंद धरतात. एवढ्यानेही आकडे बदलतात.

शिकणाऱ्यासाठी जर्मन हिशोब सोपा, तोंडी होतो. वेगातलं शेवटचं शून्य काढा. उरलेल्या आकड्याला ३ ने गुणलं की पहिला तुकडा मीटरमध्ये मिळतो. त्याच आकड्याचा वर्ग केला की रोजच्या, सावकाश ब्रेकचं अंतर मिळतं. आणीबाणीत ब्रेक पूर्ण दाबला तर त्या वर्गाच्या निम्मं धरायचं. कोरडा, सपाट, डांबरी रस्ता आणि चांगले टायर गृहीत धरून:

३० ला: ९ + ९ = १८ मीटर. पूर्ण ब्रेक दाबला तर साडेतेरा.
४० ला: १२ + १६ = २८. पूर्ण ब्रेकला २०.
५० ला: १५ + २५ = ४०. पूर्ण ब्रेकला साडेसत्तावीस.
६० ला: १८ + ३६ = ५४. पूर्ण ब्रेकला ३६.
८० ला: २४ + ६४ = ८८. पूर्ण ब्रेकला ५६.
१०० ला: ३० + १०० = १३०. पूर्ण ब्रेकला ८०.

म्हणजे तुम्ही पाहिलेले दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. २५ च्या आसपासचा आकडा आणीबाणीचा, ४० हा रोजचा. सिग्नलला किंवा चौकात थांबायचं ठरवताना ४० धरा. अचानक कुणी आडवं आलं तर काय होईल हे पाहायला २७-२८ धरा.

आता वर्गाची गोष्ट, कारण नवशिक्याचा हात इथेच फसतो. वेग दुप्पट झाला की पहिला तुकडा दुप्पट होतो, पण ब्रेकचा तुकडा चौपट होतो. गाडीच्या अंगातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि ती सगळी ब्रेकला उष्णता करून घालवावी लागते. हे पटवून घ्यायला एक उदाहरण पुरे. दोन सारख्या गाड्या शेजारी शेजारी चालल्यात, एक ५० ने, एक ६० ने. दोघांना एकाच क्षणी अडथळा दिसतो, दोघेही एका सेकंदाने पूर्ण ब्रेक दाबतात. पन्नासची गाडी जिथे जागेवर थांबते, तिथून साठची गाडी जाताना तिचा वेग अजून सुमारे ४० असतो. आधीचा फरक फक्त १० चा, आणि धडकेच्या जागी तो ४० चा होतो. म्हणून "पाच-दहाने काय बिघडतं" असं कुणी म्हणालं तर ते गणित मनातल्या मनात करून बघा.

एक सेकंद ही प्रतिक्रिया जागरूक आणि अपेक्षा ठेवून बसलेल्या माणसाची आहे. गिअर कुठला, आरसा कुठला यात मन गुंतलेल्या नवशिक्याने दीड धरावा. ६० ला दीड सेकंद म्हणजे २५ मीटर, आणि तोवर ब्रेकला पायही लागलेला नसतो. मोबाइल हातात असेल तर कुठलाच हिशोब लागू पडत नाही.

---

आरसा_आधी

मीटरचा अंदाज डोळ्याने बांधायचा नादच सोडा. चालत्या गाडीतून तो भल्याभल्यांचा चुकतो, कारण रस्त्याची रुंदी, कडेची झाडं, पुढच्या वाहनाचा आकार, सगळं डोळ्याला फसवतं. मोठी बस जवळ वाटते, दुचाकी आहे त्याहून लांब वाटते. मीटरच्या जागी सेकंद मोजा.

पुढच्या वाहनाचा मागचा भाग एखाद्या स्थिर खुणेपाशी आला (खांब, पाटी, पुलाचा सांधा, रस्त्यावर पडलेली सावली) की मोजायला लागा: "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन". "एक हजार" म्हणायचं ते आकडे घाईत पळू नयेत म्हणून. तुमचा पुढचा बंपर त्या खुणेपाशी पोहोचायच्या आत "दोन" पूर्ण झालं तर दोन सेकंदांचं अंतर आहे. आधीच पोहोचलात तर ॲक्सिलरेटरवरून पाय उचला, अंतर वाढू द्या, नवी खूण धरा, पुन्हा मोजा. ब्रेक दाबून अंतर वाढवू नका, मागच्याला उगाच लाल दिवा दिसतो.

दोन सेकंद सर्वत्र सांगितले जातात. नवशिक्याने तीन ठेवावेत, आणि त्यामागचं कारण वरच्या तक्त्यातच आहे. ५० ला दोन सेकंद म्हणजे २८ मीटर, पूर्ण ब्रेकचं अंतर साडेसत्तावीस. जेमतेम बसतं. ८० ला दोन सेकंद म्हणजे ४४ मीटर, लागतात ५६. म्हणजे ५० च्या वर दोन सेकंदांचा नियम एका गृहीतावर चालतो: पुढचाही ब्रेक मारूनच थांबेल आणि थांबेपर्यंत आणखी काही मीटर पुढे सरकेल. तो जर उभ्या ट्रकवर आदळून जागच्या जागी थांबला तर ते गृहीत गेलं. तीन सेकंदांत ८० ला ६७ मीटर मिळतात, १०० ला ८३, आणि लागतात अनुक्रमे ५६ आणि ८०. कोरड्या रस्त्यावर, एका सेकंदात प्रतिक्रिया देणाऱ्याला, तीन सेकंद १०० पर्यंत पुरतात. पावसात चार किंवा त्याहून जास्त ठेवा.

रांगेत उभं राहताना सेकंदांचा उपयोग नाही. तिथे पुढच्या वाहनाची मागची चाकं जिथे रस्त्याला टेकतात ती रेघ तुमच्या बॉनेटच्या वर दिसली पाहिजे. ती दिसली तर पुढचा बंद पडला तरी मागे न घेता बाजूने निघता येतं, आणि मागून कुणी धक्का दिला तर तुम्ही लगेच पुढच्यावर जात नाही.

आता ब्रेक आणि क्लच. तुमची गाडी झटका देते किंवा बंद पडते, यामागे दोनच गोष्टी असतात: क्लचची वेळ आणि ब्रेक सोडण्याची वेळ.

क्रम असा. आरसा. ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण वर. ब्रेकला हलका स्पर्श, इतकाच की मागचे दिवे लागावेत आणि गाडीचं वजन पुढच्या चाकांवर यायला लागावं. मग दाब वाढवा, वेगाचा मोठा हिस्सा मधल्या टप्प्यात घालवा. शेवटच्या दोन-तीन मीटरांत दाब हळूहळू कमी करा. हलका, घट्ट, पुन्हा हलका. गाडी पूर्ण थांबण्याच्या क्षणी पेडल घट्टच राहिलं तर दाबले गेलेले पुढचे स्प्रिंग एकदम मोकळे होतात आणि सगळ्यांची मान मागे जाते. तो झटका हाच. थांबल्यावर मात्र पेडल पुन्हा नीट दाबून धरा, नाहीतर उतारावर गाडी सरकेल.

क्लच सर्वांत शेवटी. गिअरमध्ये असलेलं इंजिन स्वतः गाडीला मागे ओढत असतं, क्लच दाबला की ती ओढ सुटते आणि गाडी मोकळी धावते. वेग कमी करायचाय आणि पहिला पाय क्लचवर, ही शिकाऊंची सर्वांत नेहमीची चूक. वेग इतका उतरला की इंजिन थरथरायला लागेल, त्याच्या किंचित आधी क्लच तळाला. तिसऱ्या गिअरमध्ये हे साधारण १५ च्या आसपास येतं, दुसऱ्यात १० च्या खाली. गाडीगणिक फरक पडेल, थरथर ओळखायला शिका. चौथ्यातून थांबायचं असेल तर तिसरा, दुसरा, पहिला अशी पायऱ्यांनी उतरण चौकात करायची गरज नाही. ब्रेकने वेग घालवा, मग ज्या वेगाला आलात त्याचा गिअर थेट घाला.

आणीबाणीत हा सगळा क्रम विसरा. ब्रेक पूर्ण ताकदीने, क्लच सोबत किंवा नंतर, जमेल तसा. इंजिन बंद पडलं तर पडू दे. गाडी थांबली की पुन्हा चालू करता येते.

---

रबर_आणि_डांबर

वरचे आकडे पाठ करायच्या आधी एक दुरुस्ती. ते कोरड्या डांबराचे आहेत, आणि वर्गाच्या निम्म्याचा हिशोब टायर चांगले असतील तरच जुळतो. ब्रेक चाकाला थांबवतात, गाडीला नाही. गाडी थांबते ती टायरचा तळहाताएवढा तुकडा रस्त्याला धरून ठेवतो म्हणून. असे चार तुकडे, त्यावर एक टनाच्या वरचं ओझं.

ओल्या रस्त्यावर पकड साधारण निम्म्यावर येते असं धरून चाला, म्हणजे ब्रेकचा तुकडा दुप्पट. ६० ला पूर्ण ब्रेकनेसुद्धा १८ + ३६, म्हणजे ५४ मीटर. कोरड्या रस्त्यावर हलक्या ब्रेकला जे अंतर लागतं, ते पावसात जिवाच्या आकांताने ब्रेक मारूनही लागतं. बर्फावर तर हे अंतर कितीतरी पटींनी वाढतं. सर्वांत वाईट असते ती कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या सरीची पंधरा-वीस मिनिटं. रस्त्यावर साठलेलं तेल, धूळ, टायरची भुकटी यांचा त्या पाण्यात निसरडा थर होतो. नंतर जोराच्या पावसाने तो वाहून जातो आणि पकड थोडी सुधारते. वाळू, खडी, चिखल, ओली पानं, रंगवलेले पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं यांवरही तेवढंच सांभाळा.

पाणी साचलेलं असेल तर आणखी एक भानगड. टायरच्या खाचा पाणी बाजूला फेकतात. वेग जास्त किंवा खाचा उथळ असल्या तर पाणी बाहेर पडायला वेळच मिळत नाही, आणि टायर पाण्याच्या थरावर चढून तरंगतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, इंजिनचा आवाज चढतो. अशा वेळी ब्रेक मारू नका, स्टिअरिंग वळवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग उतरला की टायर पुन्हा रस्ता धरतो. बऱ्याच देशांत खाचेची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, आणि खाचांच्या तळाशी त्या उंचीचे छोटे आडवे उंचवटे दिलेले असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की संपला. पावसात गाडी चालवायची असेल तर ३ मिलिमीटरलाच बदलायचा विचार करा, १.६ पर्यंत ताणू नका. हवा थंड टायरमध्ये मोजायची, दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेल्या आकड्याप्रमाणे.

एबीएस. ते अंतर कमी करायला बनवलेलं नाही. चाक जाम होऊन घसरू नये आणि ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता यावी, हे त्याचं काम. जाम झालेलं चाक कितीही वळवा, गाडी सरळच घसरत जाते. ओल्या डांबरावर नवशिक्याला एबीएसमुळे अंतरातही फायदा होतो, कारण जाम होण्याच्या अलीकडे दाब रोखून धरणं त्याला पायाने जमत नाही. सुट्या खडीवर किंवा ताज्या बर्फात मात्र एबीएसने अंतर वाढू शकतं, कारण जाम चाक समोर खडीचा ढीग गोळा करून त्याच्या आधाराने थांबतं, आणि एबीएस तो ढीग होऊ देत नाही.

ते चालू झालं की पेडल पायाखाली थडथड उडतं आणि घर्रघर्र आवाज येतो. नवशिके घाबरून पाय उचलतात आणि तिथेच घात होतो. पाय उचलायचा नाही, पेडल पंपासारखं वरखाली मारायचं नाही. जोरात दाबून धरायचं आणि नजर मोकळ्या जागेकडे ठेवून तिकडे वळवायचं. एबीएस नसलेल्या गाडीत चाक जाम झालेलं जाणवलं तर दाब किंचित सोडून पुन्हा वाढवायचा.

---

शिकाऊ_स्टिअरिंग

सेकंद मोजून बघायला लागलो, तीन म्हणताना बरंच मोठं अंतर पडतं, एवढं असेल असं वाटलं नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या. समोर वाहनच नसेल तर वेग कशावरून ठरवायचा? वळणावर आणि रात्री? आणि हा सराव सुरक्षितपणे कुठे, कसा करायचा?

---

चौथा_गिअर

समोर वाहन नसेल तर एकच कसोटी: जेवढा रस्ता मोकळा आहे असं डोळ्याने दिसतंय, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. वेगमर्यादेची पाटी वरची हद्द सांगते. तिच्या खाली कुठे राहायचं ते नजर ठरवते.

रात्री डिपरवर, म्हणजे खालच्या झोतात, साधारण ४० ते ६० मीटर दिसतं. तक्ता पुन्हा काढा. ८० ला पूर्ण ब्रेकनेही ५६ लागतात. म्हणजे अंधाऱ्या रस्त्यावर डिपरवर ८० हा वेग अगदी काठावरचा, आणि गडद कपड्यातला पादचारी किंवा दिवे नसलेली हातगाडी ६० मीटरवरून दिसेलच असं नाही. ६० किंवा त्याखाली चालवा. समोरून कुणी येत नसेल तर वरचा झोत लावा, आलं की खाली आणा. समोरच्या झोताने डोळे दिपले तर त्याच्या दिव्यांकडे न बघता रस्त्याच्या आपल्या कडेच्या पट्टीकडे बघा आणि तेवढ्या वेळात वेग आणखी उतरवा.

वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू धरा. तो तुमच्याकडे येतोय असं वाटलं तर वळण आवळतंय, वेग कमी करा. तेवढ्याच अंतरावर राहिला तर वेग बरोबर. दूर पळायला लागला की वळण उलगडलं, आता हलकेच ॲक्सिलरेटर द्या. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना पुरे करा. टायरची पकड ठरावीक असते, ती वळायला वापरली की ब्रेकला तेवढी कमी उरते.

वस्तीत एक सवय लावून घ्या. उभ्या गाड्यांची रांग, बसथांबा, शाळा, अरुंद तोंडाची गल्ली, रस्त्यावर घरंगळत आलेला चेंडू, यांतलं काही दिसलं की ॲक्सिलरेटर सोडा आणि पाय न दाबता ब्रेकवर नेऊन ठेवा. पाव सेकंद वाचला तरी ५० ला ते जवळपास साडेतीन मीटर आहेत. एका हॅचबॅकची लांबी साधारण तेवढीच असते.

वेगाची जाणीव हा वेगळाच विषय. मोठ्या रस्त्यावर अर्धा तास ९० ने गेल्यावर बाहेर पडलात की ५० हा वेग रांगल्यासारखा वाटतो. तिथे अंगाच्या जाणिवेवर भरवसा ठेवू नका, स्पीडोमीटर बघा. तो खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवू नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. गिअरही लगामासारखा वापरता येतो. गल्लीत दुसरा गिअर ठेवलात तर ३० च्या पुढे इंजिनचा आवाजच तुम्हाला सांगेल. चौथ्यात तोच वेग गुपचूप चढतो.

---

ब्रेक_ऑइल

सरावाचं सांगतो, आणि उताराचंही, कारण ते कुणी काढलं नाही.

जागा: रिकामं, सपाट, कोरडं आवार, जागेच्या मालकाची परवानगी घेऊन. शेजारी प्रशिक्षक किंवा परवानाधारक अनुभवी माणूस. सुरुवातीला गाडी उभी असताना बैठक जुळवा. ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल तर सीट लांब आहे आणि पूर्ण दाब देता येणार नाही. टाच जमिनीवर टेकवून ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर पंजा फिरवता यायला हवा. छाती आणि स्टिअरिंगमध्ये २५ सेंटीमीटर तरी अंतर ठेवा, एअरबॅगसाठी. पायापाशी बाटली, छत्री, सैल मॅट काही नको. घरंगळणारी बाटली पेडलखाली अडकली तर ब्रेक लागतच नाही. मागच्या सीटवरचं सामानही बांधा. जोराच्या ब्रेकला ते पुढे उडतं.

आता पाण्याने भरलेली एक बाटली जमिनीवर खूण म्हणून ठेवा. २० चा वेग धरा, बाटली खांद्याशी आली की ब्रेक पूर्ण दाबा. उतरून बाटलीपासून ड्रायव्हरच्या खिडकीपर्यंतचं अंतर मोजा, पावलांनी चालेल, पण आपलं पाऊल किती सेंटीमीटरचं ते आधी टेपने मोजून घ्या. साधारण २ मीटर यायला हवेत. मग ४० ने हेच करा, तिथे ८ च्या आसपास येतील. चौपट म्हणजे काय ते हिशोबापेक्षा इथे लवकर कळतं. यात प्रतिक्रियेचा तुकडा नाही, कारण कुठे दाबायचं ते तुम्हाला आधीच माहीत आहे. तो कळायला शेजारच्याने अवचित "थांब" म्हणावं आणि तुम्ही दाबावं, आणि "थांब" ऐकलं तेव्हा गाडी कुठे होती ते बाहेर सुरक्षित अंतरावर उभ्या तिसऱ्याने लक्षात ठेवावं. फरक मोजा. एबीएसची थडथड अनुभवायची असेल तर तीही इथेच, जागा मोठी असेल तर. पहिल्यांदा ती रहदारीत अनुभवायला लागू नये.

पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत जवळजवळ प्रत्येक जण पेडल अर्धंच दाबतो. पाय आपोआप हात राखून दाबतो, कारण रोजच्या चालवण्यात कधी पूर्ण दाबायची वेळच येत नाही. त्यासाठीच हा सराव. आठ-दहा वेळा झाल्यावर ब्रेकना दहा मिनिटं गार होऊ द्या, सावकाश चालवत.

उतार: गुरुत्वाकर्षण ब्रेकच्या विरुद्ध बाजूने खेचतं. दहा मीटरला एक मीटर उतरणारा रस्ता असेल तर हलक्या ब्रेकचं अंतर जवळपास एक तृतीयांशाने वाढतं. पूर्ण ब्रेकला वाढ कमी, सातवा-आठवा हिस्सा. लांब घाटउतारावर खरा धोका वेगळाच. पाय सतत ब्रेकवर राहिला तर पॅड आणि डिस्क तापतात, पकड घटते, जळका वास येतो. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात हवेतली आर्द्रता मुरलेली असते, ते उकळून वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर घाला. ढोबळ नियम असा की ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडी रोखून धरतं, ब्रेक अधूनमधून ठामपणे लावा आणि पूर्ण सोडा. न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरणं कधीही नको. इंजिन बंद असलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांतच संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. पेडल कधीही नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, मऊ लागलं किंवा ब्रेकला गाडी एका बाजूला ओढू लागली तर पुढचा प्रवास नको, आधी तपासणी.

गाडीत पाच माणसं आणि सामान असेल तर ब्रेक थोडे लवकर सुरू करा. आणि ट्रकच्या पुढे जाऊन त्याच्यासमोर लगेच शिरू नका. त्याने मोकळी ठेवलेली जागा त्याला थांबायला लागते, ती तुम्ही खाल्लीत तर त्याच्याकडे दुसरी नाही.

---

आरसा_आधी

पाचवा प्रश्न राहिला. मागचा चिकटून असेल तर वेग वाढवायचा नाही. तो तेवढाच चिकटून मागे येईल, फक्त दोघांचंही थांबायचं अंतर वाढेल. पुढचं अंतर वाढवा: तीनचे चार, पाच सेकंद करा. मग पुढे काही झालं तरी तुम्ही हळूहळू थांबू शकता, आणि मागच्याला प्रतिक्रिया द्यायला वेळ मिळतो. त्याची बेफिकिरी तुम्ही पुढच्या जागेने भरून काढता. थांबायचंय हे लांबूनच कळलं असेल तर ब्रेक पेडलला दोन वेळा नुसता स्पर्श करून दिवे दाखवा, मग खरा ब्रेक लावा. रस्ता रुंद झाला की इंडिकेटर देऊन कडेला घ्या आणि जाऊ द्या.

तुम्ही ठेवलेल्या तीन सेकंदांत कुणीतरी घुसतंच, तेव्हा चिडून जवळ जाऊ नका. पाय उचला, त्याच्या मागे नवीन खूण धरा, पुन्हा "एक हजार एक" पासून. ५० ला तीन सेकंद म्हणजे सुमारे ४२ मीटर. अशी दहा वाहनं मध्ये शिरली आणि दर वेळी तुम्ही तेवढे मागे सरलात, तरी मुक्कामाला पोहोचायला अर्ध्या मिनिटाचाच फरक पडेल.

---

शिकाऊ_स्टिअरिंग

रविवारी मोकळं आवार मिळतंय, २० आणि ४० चा प्रयोग करून मोजलेले आकडे इथे टाकतो. टायरच्या खाचा आज पाहिल्या, पुढचे दोन्ही त्या आडव्या उंचवट्यांच्या अगदी जवळ आलेत. आधी ते बदलतो, मग मोजतो.